बघूया की

पुस्तकाच्या मागच्या कव्हरवर माझ्या नावाखाली चार बिरुदं चिकटवली आहेत: आर्किटेक्ट, संपादक, प्राध्यापक आणि एका छोट्या कलाघराचा चालक. ती वाचूनच तुम्ही इथवर आला असाल. त्यामुळे आता लासलगावचा होतकरू मुलगा कंदिलाच्या उजेडात ड्रॉइंग काढणार, मग त्याला गुरू भेटणार, मग टाळ्या, असं काहीतरी येईल म्हणून पाय पसरून बसला असाल तर पाय आवरा. आमच्याकडे लाइट होती. बक्षीस मला आयुष्यात एकदाच मिळालं, आठवीत, मुख्याध्यापकांची नक्कल केली म्हणून, आणि ते द्यायला मुख्याध्यापकच उभे होते, ओठ दाबून. गुरू भेटला हे मात्र खरं. ही चारही कामं मी त्यांच्याकडूनच उचलली. शिकलो म्हणत नाही, उचलली म्हणतो, कारण मला तेवढंच येतं. माणूस कसा चालतो, कसा खोकतो, चष्मा कुठल्या हातात धरतो, ते मी आधी उचलतो, आणि त्याला जे येत असतं ते मागून आपोआप येतं. कधीकधी येतच नाही, आणि मग जे होतं ते आता सांगतो.

गुरूचं नाव लिहू का, असं मी त्यांना परवा फोनवर विचारलं. ते म्हणाले, "बघू." म्हणजे नाही. त्यामुळे इथे त्यांना नुसतं सर म्हणतो.

हा 'बघू' नीट समजून घ्या, पुढे लागणार आहे. सर कधी कुणाला नाही म्हणत नसत. क्लायंट म्हणाला, सर, पुढे चार ग्रीक खांब लावू, की सर म्हणणार, "बघू." खांब गेले. कॉलेजातला पोरगा म्हणाला, सर, सबमिशन सोमवारऐवजी गुरुवारी घ्या ना, "बघू." सोमवारीच. पण 'बघूया' म्हणाले तर समजायचं, मनात आहे, जरा मागे लागावं लागेल. आणि क्वचित, फार क्वचित, चष्मा कपाळावर सरकवून "बघूया की!" म्हणाले की मग थांबायचं नाही, त्याच क्षणी कामाला लागायचं. सरांना स्वतःला पत्ताही नव्हता की आपण असं तीन तऱ्हेने बोलतो. हा कोश मी काढला आणि मीच सगळीकडे वाटला. ऑफिसात वाटला, कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये वाटला, आणि नको तिथेही वाटला.

सरांचं ऑफिस म्हणजे गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीतला त्यांचाच बंगला. खाली ऑफिस, वर घर. मी आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला होतो. आठवड्यातून दोन दुपारी सर आम्हाला कॉलेजात डिझाइन शिकवायचे आणि उरलेला दिवस मी त्यांच्याकडे पडलेला असायचो. त्या घराचे आवाज मला अजून पाठ आहेत. प्लॉटर घर्र करून कागद ओढायचा, वरून कुकरची शिट्टी, सरांच्या बायकोचा, म्हणजे काकूंचा, रेडिओ, आणि जिन्यावर सरांच्या सपाता. सपाता चट्‌चट्‌ वाजल्या तर मूड चांगला, घसटत आल्या तर महापालिकेतून फाइल परत आलेली. एकाच लांब टेबलावर एका टोकाला फरशांचे नमुने आणि दुसऱ्या टोकाला 'ओळंबा'ची प्रूफं. ओळंबा म्हणजे भिंत सरळ उभी राहतेय का ते बघायला गवंडी दोरीला सोडतात तो लोखंडी लट्टू. सरांनी काढलेल्या मासिकाचं नाव तेच. मासिक म्हणायचं आपलं, निघेल तेव्हा निघायचं. इमारतींविषयी साध्या मराठीत लिहिलेलं असायचं, आणि बहुतेक प्रूफांवर कुणाचा तरी सिमेंटचा अंगठा.

दुपारी वरून हाक यायची, "अहो, पोरांना पाठवा वर, शेंगोळी निवतायत!" काकूंची शेंगोळी लसणाची, झणझणीत, ताटात आली की आधी नाकातून पाणी. सोबत बाजरीची भाकरी आणि बुक्कीने फोडलेला कांदा. कांदा माझ्या घरून यायचा, त्यामुळे त्या ताटात मला उगाचच मालक असल्यासारखं वाटायचं. काकू विचारायच्या, "वाल्मीक, हा उन्हाळ कांदा ना? टिकेल ना?" मी माझ्या बापाच्या आवाजात सांगायचो, "ताई, तुमी टिकाल का ते बघा, कांदा टिकंल." त्या पदर तोंडाला लावून हसायच्या. माझा बाप लासलगावच्या कांदा मार्केटात मापाडी, माल तोलून देणारा. लहानपणी शाळेतून येताना मी ट्रॅक्टरच्या रांगेत उभा राहून व्यापाऱ्यांच्या आवाजात बोली पुकारायचो. एकदा एका शेतकऱ्याने माझ्या बोलीवर खरंच ट्रॅक्टर पुढे काढला. बापाने सगळ्या मार्केटसमोर कानाखाली दिली. ती पुरली नाही.

सरांचा आवाज उचलायला मला फार दिवस लागले नाहीत. रिकाम्या टाकीत तोंड घालून बोलावं तसा खोल, घुमणारा. सुरुवात नेहमी दोन तुकड्यांतल्या खोकल्याने, मग "असं आहे ना", मग वाक्य. मी हे पोरांना करून दाखवत होतो तेव्हा सर मागे दारात येऊन उभे होते. प्राजक्ता, म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारी माझी वर्गमैत्रीण, डोळ्यांनी खुणा करत होती आणि मला वाटत होतं, हसू दाबतेय. संपल्यावर सर आत आले. म्हणाले, "खोकला जरा लवकर येतो तुझा. आधी मी समोरच्याकडे बघतो, मग खोकतो." आणि प्रूफं घेऊन निघून गेले. दुरुस्ती सांगून गेले हो! जसा लेख सुधारायचे तशी माझी नक्कल सुधारली. त्यानंतर मी तो आवाज आपलाच समजायला लागलो. इतका, की गंभीर काही बोलायचं झालं तर माझ्या तोंडून तोच यायचा. लासलगावच्या आवाजात मला फक्त चेष्टा येत होती. शेवटच्या ज्युरीला बाहेरचे परीक्षक समोर बसले, आणि मी खोकलो, दोन तुकड्यांत. सर कोपऱ्यात बसले होते, त्यांनी खिडकीबाहेर तोंड फिरवलं. खांदे हलत होते.

त्याच वर्षी सरांनी शेड घेतलं. निफाडच्या रस्त्याला, शहर संपता संपता, द्राक्षं पॅक करायचं एक जुनं शेड बंद पडलेलं होतं. तिथे त्यांना कलाघर करायचं होतं. गाणं व्हावं, नाटक व्हावं, कुणी चित्रं लावावीत, कॉलेजच्या पोरांनी मॉडेलं मांडावीत. क्लायंट कुणी नाही, सर स्वतःच क्लायंट. काकू म्हणायच्या, "आतापर्यंत दुसऱ्यांच्या डोक्याला ताप देत होते, आता घरच्या."

शेडच्या मागे बौद्धवस्ती, आणि शेडच्या पुढे काळ्या दगडाचा एक लांब ओटा. वस्तीतल्या बऱ्याच बायकांनी त्या शेडमध्ये द्राक्षं निवडली होती, दुपारची भाकर त्या ओट्यावर खाल्ली होती. शेड बंद पडलं तरी त्यांनी ओटा सोडला नाही. संध्याकाळी तिथे त्यांची गाण्याची तालीम चालायची. जयंतीला, लग्नाला, विहारातल्या कार्यक्रमाला त्यांचीच पार्टी. पुढारी यमुनामावशी. साठीच्या, बारीक, ढोलकी मांडीखाली अशी धरायच्या की जणू पळून जाईल. आवाज मात्र असा की अंगावर काटा. मी खूप प्रयत्न केला, मला तो कधी उचलता आला नाही.

सरांनी आमचा अख्खा वर्ग एका संध्याकाळी त्या ओट्यावर नेऊन बसवला. "वह्या काढू नका. मोबाइल काढू नका. नुसते बसा." आम्ही बसलो. दिवसभराचं ऊन दगडातून वर येत होतं. मावशींनी गाणं सुरू केलं आणि आवाज मागच्या पत्र्याच्या भिंतीवर आपटून परत आमच्या पाठीवर यायला लागला. परत येताना सर म्हणाले, "स्टेज बांधायचंच नाही. स्टेज आहे." सगळं डिझाइन त्यांनी फिरवलं. शेडची पुढची भिंत काढायची, आणि ओटा आहे तिथे, आहे तसा.

मावशींना हे सांगायला गेलो तेव्हा त्या पटकन खूश झाल्या नाहीत. "आमाला शब्द द्यायला लय जन येत्यात, सर. नळ देतो म्हनले, विहाराला जागा देतो म्हनले. मोठ्या मानसाचा शब्द लय गुळगुळीत, हातात ऱ्हात नाय."

सर म्हणाले, "मावशी, ओटा हलणार नाही."

"लिहून देता?"

"छापून देतो."

मग हसल्या. म्हणाल्या, "छापा. मंग पयलं गानं आमचं."

आणि सरांनी खरंच छापायला दिलं. 'ओळंबा'चा पुढचा अंक सगळा त्या ओट्यावर. सरांचा लेख, मथळा 'हा ओटा हलणार नाही', आणि कव्हरवर ओट्याचं चित्र. ते चित्र मी काढलं. दगड न्‌ दगड काढला. कुठला खरबरीत, कुठला बसून बसून गुळगुळीत, कुठल्या फटीत गवत. माझ्या हातून आजवर झालेल्या चांगल्या ड्रॉइंगमध्ये ते आहे, आणि मी ते कुठल्याही प्रदर्शनात लावत नाही.

साइटवर सुकदेव मिस्त्री होते. पेठ तालुक्यातले, कामाला पक्के, बोलायला कमी. त्यांच्या माणसांना दुपारी जेवणानंतर मी सरांचा खेळ करून दाखवायचो. बघू, बघूया, बघूया की, अर्थासकट. मिस्त्री गालात तंबाखू धरून हसायचे. "भाऊ, आता आमाला साहेबांचं समजाया लागलं," म्हणाले. मला फार बरं वाटलं होतं. म्हटलं, बघा, आपण ऑफिस आणि साइट यांच्यातलं अंतर कमी करतोय.

सरांचा एक नियम होता. वर्गात मोबाइल नाही, स्वतःचासुद्धा नाही. दुसऱ्या वर्गांना शिकवायला कॉलेजला जाताना ते फोन माझ्या टेबलावर ठेवायचे. कुणाचा आला तर घ्यायचा, निरोप ठेवायचा. त्या दुपारी प्राजक्ता आणि मी दोघंच होतो, आणि आम्ही मिसळ मागवली होती. फोन वाजला. स्क्रीनवर सुकदेव मिस्त्रींचं नाव. प्राजक्ता म्हणाली, "घे की, सर." एवढंच म्हणाली. तिचा दोष नाही. मला तेवढं पुरेसं असायचं.

मी समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं, आणि मग खोकलो. सरांनी सांगितलेल्या क्रमाने. "हां, बोला मिस्त्री."

तिकडे मागे क्रेनचा धडधडाट. "सायब, गर्डर आलेत, पन क्रेन वळंना... कोपरा आडवा येतोय... काढू का?"

'ओट्याचा' हा शब्द मला ऐकू आला होता का? मी हे स्वतःला इतक्यांदा विचारलंय, की आता आठवणीत तो शब्द कधी असतो आणि कधी नसतो. क्रेनचा आवाज नक्की होता. प्राजक्ता तोंडावर हात धरून हसत होती, तेही नक्की. आणि तिला आणखी हसवायला माझ्याकडे एकच हुकमी गोष्ट होती. मी नसलेला चष्मा कपाळावर सरकवला.

"बघूया की!"

"बरं सायब," म्हणून मिस्त्रींनी फोन ठेवला. मी ठरवलं होतं, लगेच परत लावायचा आणि सांगायचं, मिस्त्री, मी वाल्मीक, सर कॉलेजात आहेत, थांबा जरा. हे मी नेहमीच करायचो, गमतीचा अर्धा भाग तोच होता, समोरचा शिव्या घालायचा आणि हसायचा. पण तेवढ्यात मिसळ आली. पिशवीत रस्सा सांडलेला, पाव भिजत होते, आम्ही वाट्या शोधायला धावलो. मग तर्री कुणाला जास्त यावरून भांडलो. मग मी विसरलो. यापेक्षा मोठं कारण माझ्याकडे नाही. खूप शोधलं.

संध्याकाळी सर आले, फोन उचलला आणि मिस्त्रींना लावला. रोज लावायचे. "कुठला कोपरा?" म्हणाले. मग नुसतं ऐकत राहिले. फोन खाली ठेवला आणि म्हणाले, "वाल्मीकराव, चला."

गाडीत बसतानाच मला सगळं कळलं होतं.

ओट्याचा कोपरा नव्हता गेला, अर्धा ओटा गेला होता. एक कोपरा काढला तर बाकीचे दगड सैल होऊन घसरत आले, मग मिस्त्रींनी ते नीट काढून बाजूला रचले होते. तसे व्यवस्थितच रचले होते. काही फुटलेले वेगळे ठेवले होते. उरलेला ओटा उघडा पडला होता, आतली माती दिसत होती. यमुनामावशी आणि आणखी काही बायका तिथे उभ्या होत्या. कुणी रडत नव्हतं, ओरडत नव्हतं.

सरांनी मिस्त्रींना विचारलं, "कोणी सांगितलं?"

मिस्त्री गोंधळले. "तुमीच की, सायब. ही मावशी आयकंना. म्हनली, माझ्यासमोर फोन लाव, मी सरांच्या तोंडानं आयकते. मंग मी स्पीकर लावला. तुमी 'बघूया की' म्हनले. सगळ्यांनी आयकलं."

मिस्त्रींचा काही दोष नव्हता. त्या शब्दाचा अर्थ त्यांना नीट शिकवलेला होता.

सरांनी माझ्याकडे एकदा बघितलं. रागाने नाही बघितलं. एखाद्या भिंतीत चीर दिसल्यावर ते बघायचे तसं बघितलं, ही कुठून कुठवर गेलीय, असं. मला वाटलं, आता सांगतील. मी खाली मान घालायची तयारी केली. सर मावशींसमोर गेले, हात जोडले आणि म्हणाले, "मावशी, चुकलं."

पुढे काही नाही. कसं, कुणाचं, का, काही नाही.

मावशी म्हणाल्या, "तुमी पन त्याच मापाचे निघालात, सर." त्यांनी ढोलकी उचलली आणि बायकांना घेऊन वस्तीत निघून गेल्या. जाताना एकीने फुटलेला एक दगड पायाने सरळ केला. सरळ करून काय होणार होतं, पण केला.

मी तिथे होतो. सरांपासून हातभर अंतरावर. तोंड उघडायला तेवढं अंतर पुरतं.

परत येताना सरांनी गाडीतला रेडिओ लावला. घरी काकूंनी वाढलं, मेथीची पातळ भाजी होती, मला दुसऱ्यांदा वाढताना त्या म्हणाल्या, "आज कोणाचा आवाज नाही आला खालून?" सर म्हणाले, "दमलाय तो." रागावतील, हाकलतील, निदान उद्या केबिनमध्ये बोलावतील, म्हणून मी रात्रभर त्यांचं रागावणं त्यांच्याच आवाजात रचत होतो. फार छान रचलं होतं. ते त्यांनी कधी वापरलं नाही. दुसऱ्या दिवशी कॉलेजला निघाले, आणि फोन माझ्याच टेबलावर ठेवला. हात आखडला नाही, क्षणभर थांबले नाहीत. रोजच्यासारखा ठेवला. त्या दुपारी तो वाजत राहिला आणि मी त्याला हातही लावला नाही. शेवटी प्राजक्ताने घेतला.

आता माझ्या ऑफिसात एक पोरगी माझी नक्कल करते. फोनवर माझं "हां हां हां" चालतं ना, ते तिने अगदी बरोबर पकडलंय. मी दाराआडून ऐकलं, मला हसू आलं, आणि मग आत जाऊन मी तिच्या टेबलावरचा माझा फोन हळूच खिशात टाकला. सर व्हायला मला बरंच काही जमलं, हे जमलं नाही.

ओटा पुन्हा बांधला, त्याच दगडांनी, माझ्या चित्रावरून. दुसरा पुरावाच नव्हता. आज तिथे कार्यक्रम होतात, पाहुणे कौतुक करतात, कुणाला फरक दिसत नाही. पण वस्तीतल्या बायका येतात तेव्हा जुन्या अर्ध्या भागावरच बसतात, दाटीवाटीने. नवीन बाजू रिकामी असते. असं कुणी ठरवलेलं नाही.

पण ते नंतरचं. तेव्हा कलाघर उघडायला थोडेच दिवस राहिले होते, बायकांनी गाणार नाही म्हणून निरोप पाठवला होता, आणि छापखान्यातून अंकाचे गठ्ठे येऊन पडले. 'हा ओटा हलणार नाही', वर माझं चित्र. प्राजक्ता म्हणाली, "सर, थांबवू या का? लोक हसतील." सर म्हणाले, "बघू." म्हणजे नाही. छापलंय ते जाणार. मग वरचा अंक काढून माझ्यापुढे धरला. "पहिला मावशींना. वाल्मीकराव, तुम्ही द्या."

मला तेव्हा वाटलं, ही शिक्षा आहे. आता वाटतं, वाट करून दिली होती. नक्की माहीत नाही. सरांना विचारलं तर 'बघू' म्हणतील.

दिवेलागणीला वस्तीत गेलो. गल्लीत पोरं क्रिकेट खेळत होती, कुठेतरी कांदा फोडणीला पडला होता. मावशींचं दार उघडं होतं. त्या आत चुलीपाशी दाराकडे पाठ करून भाकरी थापत होत्या, थप थप थप. मी उंबऱ्याबाहेर उभा राहिलो. काय बोलायचं ते ठरवून आलो होतो. आणि मी खोकलो.

"मावशी, आहात का?"

त्यांचा हात थांबला नाही. "या, सर. बसा. उगं आलात. बायका गानार नाय, सांगितलंय मी."

मी म्हणणार होतो, सर नाही मावशी, मी आहे. तोंडातून आलं ते, "असं आहे ना..." तसंच. खोल, घुमणारं.

मावशी पिठाच्या हातांनी वळल्या. माझ्याकडे बघितलं. मग माझ्या मागे, दाराबाहेर बघितलं, सर कुठे आहेत म्हणून. मग पुन्हा माझ्याकडे. तव्यावरची भाकरी करपायला लागली, त्यांनी ती उलटली नाही.

"परत बोल," म्हणाल्या.

"काय?"

"तेच. फोनवर म्हनला व्हतास ते."

"मावशी, मी..."

"बोल!"

"बघूया की," मी म्हणालो. हळू म्हणालो, तरी सरांच्याच आवाजात आलं. दुसऱ्या आवाजात मला ते येतच नव्हतं.

मावशी मटकन पाटावर बसल्या. "आगं माय! म्हंजे सर नव्हता." पिठाचा हात कपाळावर मारला. "अन्‌ त्यो मानूस हात जोडून गेला माझ्यापुढं. मी त्याला काय काय बोलले. तुमी पन त्याच मापाचे म्हनले. सगळ्यांदेखत! तू व्हतास ना तिथं? तू तिथंच व्हतास की रे, मुडद्या, त्याच्या बगलंत!"

"मी सांगणार होतो, मावशी."

"कवा? ओटा परत उगवल्यावर?"

मी हातातला अंक पुढे केला. कशासाठी केला कुणास ठाऊक. त्यांनी कव्हर बघितलं, बराच वेळ बघितलं. "ह्ये कोनी काढलं?"

"मी."

"ह्ये बी तूच?" त्यांनी चित्रातल्या एका दगडावर पिठाचं बोट ठेवलं. "हितं मी बसत व्हते. येवढं बारीक बघितलंस, अन्‌ तोडताना दिसलं नाय? कुठला रे तू?"

"लासलगावचा."

"बाप काय करतो?"

"मापाडी आहे."

"बापानं कदी माप मारलं का कुनाचं?"

"नाही."

"मंग तू कुनावर गेलास?" त्या उठल्या. करपलेली भाकरी तव्यावरून उचलून बाजूला आपटली. "लय हुशार हायेस. सराचा खोकला घेतलास, हात घेतलास, त्यो चष्मा वर करतो ते बी घेतलं असशील. सगळा सर घेतलास. अन्‌ चुकल्यावर सर काय म्हनतो, ते नाय घेतलं? ते तर तुझ्यासमोरच म्हनला व्हता, चांगलं मोठ्यानं. तवा कानात बोळे घातलेले का? नक्कल करायची तर पुरती कर की! आपल्या सोयीची तेवढी निवडून घेतोस, द्राक्षावानी?"

मावशींनी पदर खोचला, माझं मनगट धरलं आणि मला गल्लीतून ओढत नेलं. क्रिकेट थांबलं. पोरं बघत राहिली. माझ्या बाहीवर पिठाची पाच बोटं उमटली होती. ओट्यासमोर मातीत प्लास्टिक अंथरून बायका तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"ये गं, हिकडं बघा समद्या," मावशी म्हणाल्या. "सर आलेत. फोनवाले."

त्यांतली एक हसली. मग तिने माझं तोंड बघितलं आणि हसायची थांबली. हळूहळू सगळ्यांचे हात सुपात थांबले.

"हं, बोला, सर."

मी समोर बघितलं. खोकला आला नाही. तो खोल आवाज शोधला, तोही कुठे सापडेना. शेवटी आला तो माझा लासलगावचा, चिरका, मार्केटात कानाखाली खाल्ल्यावर आला होता तसला. म्हणालो, "चुकलं."

मावशींनी मनगट सोडलं नव्हतं, उलट जरा झटकलं.

"मोठ्यानं बोल की. फोनवर तर लय खनखनीत आला व्हतास."